गोठ्यातला लाल फेस

"गंज? गंजाची काय बिशाद हाय! आज पाण्यात टाकतो, उद्या चांदीवानी काढतो!"

पाथरीच्या स्टँडवर गाडी लागलेली, प्रवासी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायलेले, आणि कंडक्टर महारुद्र मात्र टपावर चढायच्या शिडीला टेकून डायव्हर लिंबाजीला हे ऐकवत होता. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. हा मास्तर तर असा, की त्याला जगातलं काही येत नाही असं नव्हतंच! फक्त एक खोड होती. मोबाईलवरचा कुठलाही व्हिडिओ तो शेवटपर्यंत बघायचा नाही. अर्धा बघितला की त्याला पुरा कळायचा. राहिलेला अर्धा तो स्वतःच्या डोक्यातून घालायचा. ह्याच विद्येवर त्यानं मागं घरचा मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून त्यात चटणी करायची तर आधी झाकणावर वीट ठेवावी लागते, आणि शेजारच्यांना सांगून ठेवावं लागतं.

"पण मास्तर," लिंबाजी म्हणाला, "पाण्यानं तर गंज चढतो. उतरंल कसा?"

"नुसतं पाणी न्हाई रे! त्यात धुण्याचा सोडा टाकायचा आन् करंट सोडायचा. बॅटरी चार्ज करायची मशीन असती बघ, तिची एक वायर गंजलेल्या सामानाला, दुसरी जुन्या पत्र्याला. सामानाचा गंज सुटतो, रंग सुटतो, समदं पत्र्याकडं जातंय!"

"म्हंजी गंज चालत जातो?"

"पोहत जातो!" महारुद्र म्हणाला, दोघं गाडीत चढले आणि त्यानं डबल बेल मारली.

आता हे सामान कुठलं, तर सासूबाईंची शिलाई मशीन. पायानं चालवायची, लोखंडी, जुनी. सासूबाई म्हणजे गंगाखेडच्या कस्तुराबाई. नवरा तरुणपणीच गेला, तर बाईनं त्या मशीनवर लोकांचे परकर-झंपर शिवून लेकरं मोठी केली. पुढं डोळ्यांनी दगा दिला तशी त्यांनी ती मशीन लेकीला, म्हणजे महारुद्रच्या सविताला देऊन टाकली. सविता दर दसऱ्याला मशीनला हळद-कुंकू वाहायची. पण हळद-कुंकवानं गंज थोडाच थांबतो? गोठ्याच्या कोपऱ्यात म्हशीशेजारी राहून राहून मशीन अशी लाल झाली होती, की म्हैससुद्धा तिला अंग घासायची नाही.

आणि सविता काही साधीसुधी बाई नव्हती. गावातल्या बचत गटाची अध्यक्ष, शिवाय दारूबंदी समितीची अध्यक्ष. तिनं वर्षभरात गावातल्या सगळ्या हातभट्ट्या मोडून काढल्या होत्या. गटाला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं होतं, त्यासाठी नव्या मशीनी आल्या होत्या, आणि शिलाई केंद्राचं उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं. उद्घाटन कुणाच्या हातानं? कस्तुराबाईंच्या! सविता म्हणायची, "माझ्या आईची मशीन चालू असती ना, तर मी ती समद्यांच्या म्होरं मांडली असती."

हे वाक्य महारुद्रच्या काळजात रुतून बसलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला चकित करावं असं एकही काम त्याच्या हातून झालं नव्हतं. मिक्सरनं झाली होती, पण ती निराळी चकित. ह्या खेपेला तो गुपचूप मशीन नवीकोरी करणार होता आणि उद्घाटनाच्या दिवशी वरची चादर ओढणार होता!

त्याला चार दिवसांची सुट्टी मिळाली. सविता सकाळीच केंद्राच्या तयारीला गेली. जाताना म्हणाली, "आवं, उद्या आई येणार हाय. पुरणाला गूळ आणून ठिवा."

महारुद्र धम्मानंदच्या दुकानात गेला. धम्मानंदचं दुकान असं, की एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायचं काम.

"धुण्याचा सोडा दे. हाय तेवढा समदा दे. एक लांब नळी दे. आन् ती चार्जिंगची मशीन उद्यापर्यंत दे."

"एवढं काय काढलंय मास्तर?"

महारुद्रनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "काढलंय काहीतरी. गोठ्यात लावणार हाय. पण कुणाला बोलू नको! सविताला तर अजिबात न्हाई!"

"बरं," धम्मानंद म्हणाला, आणि त्याच्या एका भुवईनं टोपीत शिरायचा प्रयत्न केला.

"आरं हां, गूळ! गूळ तर इसरलोच!" किती आणायचा ते सविता बोलली होती, पण महारुद्रनं तिचंही वाक्य अर्धंच ऐकलं होतं. "ढेपच दे की आख्खी!"

निळा प्लास्टिकचा ड्रम घरचाच होता. महारुद्रनं तो गोठ्यात ओढला, नळीनं पाणी भरलं, सोडा ओतला, काठीनं ढवळलं. मशीनचा नट नि नट खोलून सगळे भाग तारेनं एकत्र ओवले आणि ड्रममध्ये सोडले. पत्रा हवा होता. भिंतीला एक चांगला लांबरुंद लोखंडी पत्रा टेकवून ठेवलेला दिसला. पाठ गंजलेली. महारुद्रनं तो उचलला, पुढून कसा आहे ते बघायची त्याला गरज वाटली नाही, आणि ड्रमच्या दुसऱ्या कडेला उभा केला.

आता राहिल्या वायरी. एक लाल, एक काळी. कुठली कशाला लावायची ते व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात होतं. पण महारुद्र अडतो काय? गंज कुठल्या रंगाचा? लाल! मग लाल वायर लाल गंजाला, काळी पत्र्याला! ह्यात विचारायचं काय?

बटण दाबलं. थोड्या वेळानं गुडगुड, गुडगुड, बारीक बुडबुडे यायला लागले. मग पाणी पिवळं झालं, मग विटकरी, आणि मग वर लालसर फेस चढायला लागला. महारुद्रला भरून आलं! लेकराला पहिला दात आल्यावर बाप बघतो, तसा तो त्या फेसाकडं बघत राहिला. म्हैस भिंतीला चिकटून उभी होती. तिला हे काही पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फेस ड्रमच्या वर येऊन खाली ओघळायला लागला. जुन्या मशीनमधलं वर्षानुवर्षांचं तेल, गंज, सोडा आणि म्हशीचं शेण ह्यांचा मिळून असा एक दर्प गोठ्यात कोंडला होता, की त्याला नाव देणं अवघड. महारुद्रनं लिंबाजीला फोन लावला.

आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडं शेजारच्या चांगुणाबाई गोवऱ्या थापायलेल्या होत्या.

चांगुणाबाई म्हणजे दारूबंदी समितीचं नाक. सविता अध्यक्ष खरी, पण भट्टी कुठं लागली ते वाऱ्यावर हुंगून सांगायच्या चांगुणाबाईच. त्यांनी हातातलं शेण तसंच ठेवलं आणि कान भिंतीला लावला. पलीकडून महारुद्रचाच आवाज येत होता.

"हां लिंबाजी! लागली! झ्याक लागली! … आरं, हातभर फेस आलाय! … वास? वास तर सुटणारच की! … न्हाई न्हाई, सविताला पत्ता लागू दिला न्हाई. तिला कळलं तर समदं मुसळ केरात! … संध्याकाळी काढतो की. … पहिला मान सासूबाईचाच! एकदा बसल्या ना, तर उठायचं नाव घेणार न्हाईत बघ! … हात थरथरतात रे, पर सवय जुनी हाय म्हातारीची. नवरा गेला तवापासून रोज!"

चांगुणाबाईंनी शेणाचा हात तोंडावर ठेवला. पांडुरंगा! गळ्यात तुळशीची माळ, आणि रोज?

त्या धावतच केंद्रावर गेल्या. सवितानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसली. "काहीतरीच काय चांगुणाबाई! ह्यांना चहा नीट करता येत न्हाई, दारू काय काढतेत!"

"मग धम्मानंदला इचार!"

धम्मानंदला विचारलं. धम्मानंद कुणाला बोलणार नव्हता. पण अध्यक्षबाई समोर उभ्या राहिल्यावर त्यानं सगळं सांगितलं, वर न विचारलेलंही सांगितलं. "सोडा नेला, नळी नेली, मशीन नेली. गोठ्यात लावतो म्हणले. आन् गूळ."

"गूळ मीच सांगितला व्हता," सविता चटकन म्हणाली.

"ढेप?" धम्मानंदनं विचारलं.

सविता दुकानाच्या पायरीवर बसली. गूळ! नळी! गोठ्याचं बंद दार! आणि काल रात्रीपासून नवरा सारखा उठून गोठ्यात जाऊन येत होता, आणि आला की गालातल्या गालात हसत होता. तिला वाटलं होतं, म्हैस आजारी असंल. तिच्या डोळ्यांसमोर ते सगळे दिवस आले, दुसऱ्यांच्या दारात उभं राहून "घरचा असो का दारचा, गय करणार न्हाई" म्हणून ओरडलेले. दारचे झाले होते. आता घरचा आला होता.

तिनं डोळे पुसले आणि पदर खोचला. "चला. बोलवा समद्यांना."

बायका निघाल्या. हातात झाडण्या, उलथणी, ताटं, चमचे. ताटं वाजवतच मोर्चा गल्लीत शिरला, आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी जीपमधून कस्तुराबाई उतरल्या. बघतात तो सगळं महिला मंडळ ताटं वाजवत लेकीच्या घराकडं चाललेलं! म्हातारीला गहिवरून आलं. "आगं बया, माझ्यासाठी एवढं!" असं म्हणत, पिशवी काखेला मारून, त्या हात जोडत जोडत मोर्चाच्या शेवटी चालायला लागल्या.

"दार उघडा!" सविताचा आवाज आला तसा आत महारुद्र दचकला. गेलं! गुपित फुटलं!

"उद्या! उद्या उघडतो!" तो आतून ओरडला. "आजून तयार न्हाई!"

बाहेर बायकांत कुजबूज झाली.

"काय तयार न्हाई?" सवितानं विचारलं.

"ते आत्ता सांगितलं तर मजा जाईल गं!"

"मजा!" सवितानं दारावर थाप मारली. "गावाचे संसार मोडायलेत आन् तुमाला मजा सुचायली?"

संसार कुणाचे मोडले, हे महारुद्रला कळेना. त्यानं दार किलकिलं केलं आणि फक्त डोकं बाहेर काढलं. डोक्याला लाल फेस लागलेला, डोळे जागरणानं तांबारलेले. पुराव्याला आणखी काय पाहिजे!

"सविता, ह्या बायांना घेऊन जा बरं. हे समदं तुझ्या आईसाठीच चाललंय!"

"माझ्यासाठी?" मागून कस्तुराबाई कौतुकानं म्हणाल्या. "काय वं जावईबापू?"

"मामी, तुमी तर बोलूच नका!" चांगुणाबाई गरकन वळल्या. "ह्या वयात! माळ घालून!"

"आगं, मी काय केलं?"

बायकांनी दार ढकललं, महारुद्र दारामागं चेंगरला, आणि समोर दिसला तो निळा ड्रम. गुडगुडणारा, वायरी लावलेला, लाल फेसानं माखलेला. शेजारी गुळाची ढेप. घरात मुंग्या लागतात म्हणून महारुद्रनंच ती गोठ्यात उंचावर ठेवली होती.

"करंटची भट्टी!" चांगुणाबाई पुटपुटल्या. एवढ्या भट्ट्या फोडल्या, पण ही तऱ्हा त्यांनीही बघितली नव्हती. "विस्तव न्हाई, धूर न्हाई! पोलिसाच्या बापाला सापडायची न्हाई!"

"आवं, ही दारू न्हाई!" महारुद्र दारामागून ओरडला. आत्ता कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला होता.

"न्हाई ना? मग बघूच की!" चांगुणाबाईंनी कंबरेची काडीपेटी काढली. "खरी पहिल्या धारेची असली तर पेटती. पाणी असलं तर इझंल. हाय काय आन् न्हाई काय!"

आता महारुद्रनं व्हिडिओचा जो अर्धा भाग बघितला होता, त्यात एक गोष्ट नक्की होती. त्या बुडबुड्यांत पेटणारा वायू असतो.

"काडी वढू नका! वैनी, पाया पडतो, काडी वढू नका!"

"बघा! भ्याला!" चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लांबूनच काडी ओढून फेसावर फेकली.

फाट्!

दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला! फेस उडाला तो सगळ्यांच्या अंगावर. लुगड्यांवर लाल ठिपके, चांगुणाबाईंच्या तोंडाला तर असा लेप बसला की नुसते डोळे दिसत होते. म्हशीनं दावं तोडलं आणि कस्तुराबाईंच्या पिशवीला वळसा घालून ती जी सुटली, ती थेट गायरानात. आवाज ऐकून गल्लीतले बापे भिंतीवर चढले होते. त्यांच्यातून एकच आवाज उठला.

"पेटली! पेटली! लय कडक हाय!"

त्या आवाजात राग कमी आणि आदर जास्त होता, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

सवितानं महारुद्रकडं बघितलं. वायरी उपटल्या, ड्रमच्या काठाला हात घातला आणि सगळी ताकद लावून तो आडवा केला. लाल पाणी गोठाभर पसरलं. आणि त्या पाण्यातून खडखडत बाहेर आलं एक लोखंडी चाक. मग पायडल. मग मशीनचं डोकं.

सविता खाली वाकली.

"ही... आईची मशीन हाय?"

"व्हय," महारुद्र दारामागून बाहेर येत म्हणाला. "गंज काढायलो व्हतो. उद्या तुला दाखवणार व्हतो. चादर ओढून."

सविता मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "म्हंजी तुमी दारू न्हाई काढली?"

"मी कशाला काढतो दारू? मला तर तिकिटाची मशीनच दारूपरीस जास्त चढती."

सगळ्या बायका हसल्या. इथंच गोष्ट संपली असती तर महारुद्र गावातला सगळ्यात गुणी नवरा ठरला असता. पण सवितानं मशीनचं डोकं उचललं. त्याला सगळीकडं खड्डे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. सुईचा दांडा काडीएवढा बारीक झाला होता. खालच्या दोऱ्याचं शटल म्हणजे कुरतडलेली खारीक. आणि स्क्रू? स्क्रू नव्हतेच. तारेला नुसती भोकं लोंबकळत होती म्हणा ना!

"आन् हे काय?" चांगुणाबाईंनी चिखलातून पत्रा उचलला. पत्रा मात्र लखलखत होता. चांदीसारखा! त्याच्यावर रंगाचा कण नव्हता, गंजाचा ठिपका नव्हता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, कडेची भोकं चाचपली आणि किंचाळल्या. "आगं, हा तर आपला बोर्ड हाय! 'या गावात दारूबंदी आहे'! केंद्रावर लावायचा म्हणून हितं ठिवला व्हता! ह्यांनी अक्षरं सुदिक पिऊन टाकली!"

"असं उलटं कसं झालं?" महारुद्रला घाम फुटला. "पत्र्यानं खराब व्हायचं आन् मशीननं साफ व्हायचं, असं हाय खरं तर…"

"व्हिडिओ लावा," सविता म्हणाली.

"आता कशाला…"

"लावा. आन् शेवटपर्यंत लावा."

लावला. सगळ्या बायका गोल करून उभ्या राहिल्या. त्यातला माणूस बोलून बोलून शेवटाला आला आणि हात जोडून म्हणाला, "और भाइयो, एक बात का खास खयाल रखना. लाल वायर भूलकर भी अपने सामान को मत लगाना! नहीं तो पत्रा चमक जाएगा और आपका सामान गल जाएगा!"

महारुद्रनं मोबाईल खिशात घातला, पण त्याला खिसा सापडायला फार वेळ लागला.

"ह्यापरीस दारू काढली असती तर बरं झालं असतं," सविता म्हणाली. "ओतून देऊन मोकळं तरी झालो असतो. माझ्या आईचा जन्म गेला ह्या मशीनवर…"

तेव्हा सगळ्यांना कस्तुराबाईंची आठवण झाली. त्या पुढं आल्या. शटल उचललं, उजेडात धरलं. बायकांनी डोळ्याला पदर लावायची तयारी केली.

"गेली?" कस्तुराबाईंनी विचारलं. "पुरी गेली? का नीट हुईल आजून?"

"न्हाई मामी," महारुद्र मान खाली घालून म्हणाला. "आता बरम्हदेव आला तरी न्हाई."

कस्तुराबाईंनी दीर्घ श्वास सोडला. "सुटले बाई!"

"आई?"

"आगं, काय छळलं हिनं मला! गुडघे हिनं खाल्ले, डोळे हिनं खाल्ले. एक टाका धड घालायची न्हाई, दर झंपराला दोरा तोडायची. डोळे गेले म्हणून दिली म्हणते मी, पर खरं म्हंजी तोंड बघावं वाटंना म्हणून तुझ्या गळ्यात घातली. तू तर तिला दसऱ्याला हळद-कुंकू व्हायला लागलीस! मी काय बोलणार? आन् परवा फोनवर म्हणलीस, आई, चालू असती तर तुला समद्या गावाम्होरं चालवायला बसवलं असतं. मी जीपमध्ये देवाचा धावा करत आले, का बाबा कुणी नीट करून ठिवू नये." त्यांनी महारुद्रच्या फेसाळ डोक्यावरून हात फिरवला. "देवानं ऐकलं माझं. जावईबापू, लई चांगलं काम केलं तुमी!"

महारुद्रची छाती फुगली. मग त्यानं बायकोकडं बघितलं आणि ती परत बसवली.

उद्घाटन ठरल्यासारखं झालं. कस्तुराबाईंनी नव्या विजेच्या मशीनचं नुसतं बटण दाबलं, टाके भराभरा पडायला लागले, आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. सविता बाजूला उभी होती. तिनं मशीनकडं बघितलं, आईच्या गुडघ्यांकडं बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याशी एक वाक्य बोलली. "बोर्ड रंगवून पाहिजे." मग महारुद्र उरलेली सुट्टी चावडीसमोर मांडी घालून 'या गावात दारूबंदी आहे' लिहीत बसला. येणारे-जाणारे थांबायचे, वाचायचे, त्याच्याकडं बघायचे आणि पुढं जायचे.

आठवडा गेला असंल. महारुद्र ड्युटीवर होता. गावातले भगवानराव पाथरीला निघाले होते. वयस्कर, शांत माणूस, देवळात भजनाला बसणारा. ते येऊन कंडक्टरच्या सीटशेजारी बसले.

"मास्तर, ते गोठ्यातलं नेमकं काय व्हतं वं?"

इतक्या दिवसांत कुणीतरी आदरानं विचारलं! महारुद्रनं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. सोडा कशाला, वायरी कशाला, गंज कसा सुटतो, बुडबुड्यांत वायू कसा असतो आणि तो काडीनं कसा भडकतो. भगवानरावांनी फाट्यापर्यंत मान डोलवत ऐकलं. मग त्यांनी मागंपुढं बघितलं, महारुद्रच्या कानाजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाले,

"ते समदं खरं हाय, मास्तर. पर घोटभर तरी उरली आसंल की?"